हातचा चार

कपाटातल्या जुन्या फायली उपसताना तो कागद हाती आला. हॉस्पिटलमधून सुटताना दिलेल्या जाडजूड फायलीत, रक्ताच्या तपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या मधे, घडीवर विरत चाललेला. वर 'वेदना नोंद' असं छापलेलं, खाली तारखांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीला चार चौकटी: सकाळी, ड्रेसिंगआधी, ड्रेसिंगनंतर, रात्री. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं दुखतंय. चौकटींतले आकडे ताईच्या अक्षरात आहेत. तिचा ७ नेहमीच थोडा पुढे झुकलेला असतो. इथे तो पडायला आल्यासारखा दिसतो, कारण पेन धरलेला हात थरथरत असायचा. सहाव्या दिवशीच्या 'रात्री'च्या चौकटीत मात्र एक ४ आहे. सरळ, नेटका, खालची गाठ नीट मारलेला. तो माझ्या हातचा आहे.

ताई झोपली होती, म्हणून मी तो लिहिला.

रात्री नऊच्या सुमाराला सिस्टर फेरीवर आल्या आणि तक्ता भरला का म्हणून विचारलं. मी ताईकडे पाहिलं. डोळे मिटलेले, श्वास एका लयीत, कपाळावरची आठी सुटलेली. दिवसभरानंतर पहिल्यांदा ती शांत दिसत होती. तिला उठवून 'किती दुखतंय ते सांग' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. दुपारी ड्रेसिंगनंतर तिने नऊ लिहिला होता. आता झोप लागलीय म्हणजे बरंच कमी झालं असणार. पण एवढं भाजलेलं माणूस, दोन-तीन लिहिणं बरं दिसणार नाही. पाच म्हणजे अर्धं, तेवढं नसावं. चार ठीक आहे. रात्रीचं इंजेक्शन गरज पडली तरच द्यायचं होतं. सिस्टरांनी चौकट पाहिली, मान हलवली आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी जे वाचलं ते मी लिहिलेलं होतं.

बेरीज करताना पुढच्या घरात न्यायचा जो आकडा असतो त्याला आपण हातचा म्हणतो. तो उत्तरात कुठे दिसत नाही, पण विसरला तर सगळी बेरीज बिघडते. तो चार इतकी वर्षं तसा माझ्याबरोबर आहे.

उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून ताई भाजली होती. ओटीपोट आणि दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग. किती टक्के भाजलंय हे डॉक्टरांनी माझ्यासमोरच मोजलं, आणि ते मोजणं मला त्या अवस्थेतही विलक्षण वाटलं. शरीराचे नवाच्या पटीत भाग पाडलेले असतात: डोकं ९, एक हात ९, एक पाय १८, पुढून धड १८, पाठीमागून १८. उरलेला एक जननेंद्रियांचा. त्या हिशेबात न बसणाऱ्या तुकड्यांसाठी डॉक्टरांनी ताईचाच तळहात मापाला घेतला, कारण बोटांसकट आपला तळवा आपल्या अंगाच्या साधारण एक टक्का असतो. चौदा टक्के, ते म्हणाले आणि केसपेपरवर लिहिलं. सलाईन किती द्यायचं, खायला किती द्यायचं, धोका किती, सगळं त्या आकड्यावरून सुरू झालं. तिचा तळवा तिच्याच अंगाला माप म्हणून लागू पडला होता. मला वाटलं, दुखण्याचंही असंच काहीतरी असेल, टक्के तसं दुखणं. नंतर कळलं, तसं नसतं. चौदा टक्क्यांचं दुखणं चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ शकतं.

किती खोल भाजलंय, हा प्रकार तर आणखी चकवणारा. तिच्या डाव्या मांडीवर हाताच्या पंजाएवढा एक भाग पांढुरका, कागदासारखा कोरडा होता. बाकी सगळीकडे लालभडक, ओलसर, वाऱ्याची झुळूकसुद्धा सहन न होणारं. पंखा लावू नका, ती म्हणायची. पांढऱ्या भागाला हात लावला तर म्हणाली, इथे काहीच होत नाही. मला केवढा आनंद झाला. निदान तेवढा तरी भाग वाचला! डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. वरवर भाजतं तेव्हा कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात आणि ती आकांत करतात. खोलवर भाजतं तेव्हा ती टोकंच जळून जातात. न दुखणारा भाग सर्वांत जास्त गेलेला होता. त्या जागी पुढे दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली, आणि जिथून काढली, त्या न भाजलेल्या जागेनेच तिला आठवडाभर सर्वांत जास्त छळलं. आकृतीवर दुखरी जागा दाखवा म्हटल्यावर तिने बोट ठेवलं ते तिथे. नवीन आलेले डॉक्टर गोंधळले होते. ही जागा भाजलेलीच नाही, म्हणाले.

दहा म्हणजे काय, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी विचारला होता. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही कल्पना करू शकाल तेवढं सगळ्यात जास्त. ताई जरा वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, 'कल्पना कालपर्यंतची धरायची की आजची?' ती चेष्टा करत नव्हती. बाळंतपण हे आजवरचं तिचं दहा होतं. आता तिच्या हातातली पट्टीच ताणली गेली होती आणि त्या ताणलेल्या पट्टीवर जुनं दहा कुठेतरी सहाशी आलं होतं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. तिने कधीच दहा लिहिला नाही. संपूर्ण कागदावर एकही दहा नाही. नंतर एकदा म्हणाली, 'उद्याचं ड्रेसिंग बाकी असायचं ना. आज दहा लिहून टाकला तर उद्या काय लिहू?'

माणसांनी हे बाहेरून मोजायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हार्डी, वुल्फ आणि गुडेल या तिघांनी एक यंत्र बनवलं. कपाळाला काळी शाई फासायची, तिच्यावर दिव्याचा प्रखर झोत तीन सेकंद पाडायचा आणि उष्णतेचं दुखणं कधी होतं ते पाहायचं. कातडीचं तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं की ते होतं, बहुतेक सगळ्यांना. वेदनेला त्यांनी 'डोल' असं एककही दिलं आणि साडेदहा डोलच्या पुढे वेदना वाढत नाही असा निष्कर्ष काढला. हे प्रयोग त्यांनी स्वतःच्या कातडीवरही केले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण वेदना मोजायला त्यांनी चटकाच निवडला हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात ढवळलं. प्रयोगशाळेतल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की दिवा तिसऱ्या सेकंदाला बंद होणार आहे. कॉटवरच्या माणसाकडे ते बटण नसतं.

शब्दांकडे वळणारा माणूस म्हणजे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक. डॉक्टर आकडा विचारतात आणि रुग्ण मात्र भडाभडा शब्द बोलतात, हे त्याच्या ध्यानात आलं. तो ते शब्द जमवत गेला, आणि १९७५ साली कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी त्याची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. वीस गट, अठ्ठ्याहत्तर शब्द. प्रत्येक गटात सौम्यापासून तीव्रापर्यंत चढत जाणारे शब्द, त्यांतला लागू असेल तो निवडायचा. काही गट नुसत्या संवेदनेचे, काही त्या संवेदनेने मनाचं काय केलं त्याचे: थकवणारं, भेदरवणारं, छळणारं. आजही तिच्यातून निघालेली छोटी, पंधरा शब्दांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. सातवा गट उष्णतेचा आहे. इंग्रजीतले ते चार शब्द मी एका रात्री मराठीत मांडून पाहिले: तापलेलं, जळजळणारं, पोळणारं, डागल्यासारखं. आणि तिथेच थांबले. डोकं दुखणाऱ्याला, दाढ दुखणाऱ्याला ही उपमा आहे. ताईला ती बातमी होती. जी खरंच पोळली आहे तिला 'पोळल्यासारखं वाटतं का' असं विचारण्यात काय अर्थ आहे?

अर्थ आहे, हे तिनेच दाखवलं. मी चार शब्द वाचले तर ती म्हणाली, 'छे, आता पोळत नाही. पोळलं ते त्या दिवशी.' मग तिने स्वतःचे शब्द दिले. सकाळी भगभग. पाय खाली सोडला की ठणका, पायातून रक्त उतरताना जणू कुणी आतून ठोके देतंय असा. पट्टी ओली करताना चरचर. ती निघाल्यावर हुळहुळ, म्हणजे नुसतं पाहिलं तरी दुखेल अशी जागा. कड्यांना ओढ. कधीतरी कारण नसताना खोलवरून एक चमक, विजेसारखी, येते आणि जाते. मराठीत दुखणं हे नुसतं 'असत' नाही. कळ येते, उठते, मारते, जिरते. ठणका लागतो. आग पडते. शिणक भरते. आपली क्रियापदं दुखण्याला पाय देतात, ते कुठून कुठे निघालंय ते सांगतात. डॉक्टरांना यातून पुष्कळ कळतं: ठणका निराळा, चमक निराळी. चमक बहुधा जखमी मज्जातंतूची असते आणि तिला निराळं औषध लागतं. ताईच्या चौकटीत भगभगीचा ७ आणि चमकेचा ७ शेजारी शेजारी आहेत आणि आता मला त्यांतला फरक ओळखता येत नाही. त्या दिवशी ती सांगत होती तेव्हा मी लिहून घ्यायला हवं होतं.

याच भाषेत 'सोशिक' हा शब्दही आहे. आमच्या घरात ताईबद्दल तो लहानपणापासून वापरला गेला, कौतुकाने. भेटायला येणारं प्रत्येक माणूस तिच्या उशाशी तेच म्हणायचं, किती सोशिक आहे हो पोर. त्या रात्रीचा आकडा नेमका एकाने उतरलेला असायचा. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत, तारखा माझ्यासमोर आहेत. आणि दुसरं एक, जे मला तेव्हापासून जमत नाही: 'मनाला चटका लावून गेला', 'दुःखात होरपळली', 'पोळलेलं मन' असं काही लिहायला घेतलं की पेन थांबतं. हे शब्द मी फार स्वस्तात वापरत होते.

ड्रेसिंग अकराला असायचं.

ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं एक चाक करकरायचं. ती दोन वॉर्ड पलीकडे असली तरी ऐकू यायची. साडेनऊपासून ताईचं बोलणं कमी व्हायचं. दहाला ती चादरीची कड बोटात गुंडाळायला लागायची. 'ड्रेसिंगआधी'च्या चौकटीत रोज सात किंवा आठ. अजून कुणी हातही लावलेला नाही, सकाळच्या चौकटीत पाच आहे, मग हे आठ कुठून आलं? मला वाटायचं, ती घाबरून वाढवून सांगतेय. हे मी तिला बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. पुढे वाचताना नेदरलँड्समधल्या टाल आणि फाबर यांच्या १९९७ सालच्या एका प्रश्नावलीशी गाठ पडली. केवळ भाजलेल्या माणसांसाठी बनवलेली, नऊच प्रश्नांची, आणि विचारलंय ते दुखण्याआधीच्या भीतीबद्दल. कुणीतरी त्या साडेनऊ ते अकराला मोजण्यासारखी गोष्ट मानलं होतं. भीती दुखणं वाढवते, आणि वाढलेलं दुखणं उद्याच्या भीतीला खतपाणी घालतं. ताई वाढवून सांगत नव्हती. आठ हा आकडा खरा होता, तो फक्त मांडीवर नव्हता.

नातेवाइकांना आत सोडत नसत. मी दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. चिकटलेलं गॉज भिजवून भिजवून सोडवतात, मग मेलेली कातडी हळूहळू काढतात, मग धुणं, मग मलम, मग नवीन पट्टी. आधी औषध दिलेलं असतं, पण त्या वेदनेच्या उंचीला पुरेल एवढं औषध रोज देणं सोपं नसतं, श्वासावर लक्ष ठेवावं लागतं. ताई आत पाढे म्हणायची. ओरडायचं नाही असं तिचं तिनेच ठरवलेलं. एकोणतीसचा पाढा, कारण तो सोपा नाही. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. मग 'एकोणतीस चोक' आणि पुढे काही नाही. मी बाकाची कड धरून थांबायचे. कधी पाढा पुढे सरकायचा, कधी पहिल्यापासून सुरू व्हायचा. कागदावरच्या नऊपेक्षा ती तुटलेली ओळ मला आजही जास्त आठवते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलात भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी डोळ्यांवर उपकरण चढवून संगणकातल्या बर्फाळ दरीत फिरवतात. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांचे तिथले पहिले निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांनी रुग्णांना जे विचारलं त्यात एक प्रश्न होता: या वेळातला किती वेळ दुखण्याचा विचार करण्यात गेला? हा प्रश्न वाचून मला त्या पाढ्याचं मोल कळलं. एकोणतीस त्रिकपर्यंत ती दुसरीकडे कुठेतरी होती.

पलीकडच्या कॉटवर एक सहा वर्षांची मुलगी होती. तिच्यासाठी सिस्टरांकडे चेहऱ्यांचं कार्ड होतं. सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका, डोळ्यांतून थेंब ओघळणारा. जगभर मुलांच्या दवाखान्यांत दिसणारे हे चेहरे अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा इथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांनी तयार केले, आणि त्यांची गरज जाणवली ती भाजलेल्या मुलांच्या कक्षातच, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मुलांना रिकामी वर्तुळं देऊन त्यांच्याकडूनच चेहरे काढून घेतले होते. तर ही पोर एका दुपारी, ड्रेसिंग होऊन तास झालेले असताना, रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवून बसली. सिस्टर औषधाकडे वळल्या. तेवढ्यात तिची आई बाहेरून आली आणि बोट सरकत सरकत तिसऱ्या चेहऱ्यावर गेलं. मी तेव्हा म्हणाले होते, बघा, तिला दुखत नव्हतं, आई हवी होती. आज मी असं म्हणणार नाही. आई नसताना तेवढंच जास्त दुखत असेल, हे मी कशावरून नाकारू? त्या कार्डाबरोबरच्या सूचनेत शेवटच्या चेहऱ्याबद्दल सांगून ठेवलंय, की एवढं दुखत असलं म्हणून तुम्ही रडतच असायला हवं असं नाही. ही ओळ ज्यांनी लिहिली त्यांनी खूप मुलं जवळून पाहिली असली पाहिजेत.

बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला दिसतंय. मॉन्ट्रिअलमध्ये मानोन श्वान्येअर आणि सहकाऱ्यांनी गंभीर भाजलेल्या रुग्णांनी दिलेले आकडे आणि त्यांच्याच सिस्टरांनी दिलेले आकडे शेजारी शेजारी ठेवले. १९९० सालचा तो अभ्यास. रोज त्याच जखमा हाताळणाऱ्या, अनुभवी बायका. तरी दोन्ही रकान्यांचा मेळ बसत नव्हता. त्यांच्याबद्दल मला कणभरही राग नाही. रोज दहा माणसांची कातडी सोलवटून काढायची तर आपल्या आत कुठेतरी एक दार लावून घ्यावंच लागत असेल. पण मी तर तिची बहीण होते, एका ताटात वाढलेली. मला खात्री होती की मला कळतं.

कृत्रिम श्वासावर असलेल्या, बेशुद्ध माणसासाठी दुसऱ्या कुणाला तरी चौकट भरावीच लागते. त्यासाठीही शिस्तशीर तक्ते आहेत: कपाळ आक्रसतंय का, हातपाय ताठतायत का, यंत्राच्या श्वासाशी झगडतोय का. तिथे पाहणाऱ्याचा आकडा हा नाइलाज असतो. ज्याला बोलता येतं त्याची गोष्ट वेगळी. १९६८ साली मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेने सांगून टाकलं की वेदना म्हणजे ती अनुभवणारा माणूस सांगतो ते, आणि तो म्हणतो तेव्हा ती असते. हे वाक्य पहिल्यांदा वाचताना फारच साधं वाटतं. पण त्यानंतर पाचच वर्षांनी, १९७३ मध्ये, टेक्सासात वायूच्या स्फोटात दोन तृतीयांश भाजलेला डॅक्स कोवार्ट नावाचा तरुण रोज टाकीत उतरवून जखमा धुतल्या जात असताना थांबा म्हणून सांगत होता, आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे हे मान्य करूनही कुणी थांबलं नाही. तो जगला, डोळे गेलेले असताना वकील झाला. जगल्याचा आनंद आहे असं सांगायचा, आणि त्याच दमात, मला न विचारता तसं करायचा हक्क कुणाला नव्हता हेही सांगायचा. २०१९ साली तो गेला तोवर त्याने यातलं एकही वाक्य मागे घेतलं नाही. मला ही दोन वाक्यं एकत्र ठेवायला अजून जड जातं.

पूर्वी मला हे आकडे म्हणजे यातनेची थट्टा वाटायची. एवढा मोठा जाळ आणि त्याला नखाएवढी चौकट? वेदना का कुठे मोजता येते, असं मीही चारचौघांत बोलले आहे. आता नाही बोलत. त्या वॉर्डात ताईचं स्वतःचं काय उरलं होतं? कपडे हॉस्पिटलचे. उठायचं कधी, धुवायचं कधी, झाकायचं कधी, हे दुसऱ्यांच्या हातात. अंगावरची चादर कुणीही, कधीही बाजूला करायचं. दिवसातून चार वेळा मात्र एक चौकट तिच्यासमोर यायची, जिच्यात काय लिहायचं हे फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि ते लिहिलेलं वाचून कुणीतरी हालचाल करायचं. ती त्या चौकटीसाठी उशी टेकून बसायची. आकडा लिहिण्याआधी डोळे मिटून थोडा वेळ आत कुठेतरी पाहायची, जसं कुणी हाक ऐकू येतेय का म्हणून कान देतं तसं. सहा लिहून, खोडून, सात केलेला एक आकडा कागदावर आहे. किती विचार केला असेल त्या एकासाठी!

दुखणं ओसरलं आणि खाज आली. नवी कातडी येताना मज्जातंतूही नव्याने वाढतात आणि महिनोन्महिने अशी खाज सुटते की झोप उडते. खाजेला त्या कागदावर चौकट नव्हती. ताई म्हणायची, खाजेला आकडा मागत नाहीत म्हणून ती कुणाला खरी वाटत नाही. मग कातडी आवळल्याची ओढ, थंडीत जास्त. आता तेही फारसं नाही. डाव्या मांडीवरच्या कलम लावलेल्या चौकोनात तिला अजून नीट काही कळत नाही. गरम की गार, ते हात लावून बघते.

परवा ती आली तेव्हा कागद टेबलावरच होता. मी तो लपवायला हवा होता की मुद्दामच ठेवला होता, मला सांगता येणार नाही. तिने चष्मा लावला. मी म्हणाले, 'त्या दिवशी रात्रीचा आकडा मी लिहिला. तू झोपली होतीस.' ती कागदावरून नजर न काढता म्हणाली, 'मी कुठे झोपले होते?'

मला वाटलं तिला दुसरी रात्र आठवतेय.

'सगळं आठवतं. सिस्टर आल्या, तुला विचारलं. डोळे उघडले असते तर बोलावं लागलं असतं. बोललं की पोट हलायचं, पोट हललं की ओढ बसायची. नुसतं निपचित पडून राहिलं, श्वास मोजत, तर जरा धरवत होतं.' मग थोड्या वेळाने, 'आणि तू तीन रात्री जागी होतीस. म्हटलं, हिला वाटू दे मी झोपले.'

मी तिला विचारलं की मग किती होतं, त्या रात्री. खरा आकडा काय होता. तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला, डोळे मिटून, तसंच आत कान देऊन. मग मान हलवली. ट्रॉलीचं चाक आठवतं, म्हणाली, औषधाचा वास आठवतो, तू बाकावर खोकायचीस ते आठवतं. दुखलेलं आठवतं, पण दुखणं आठवत नाही. कागदाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे, जी मी तेव्हा वाचली नव्हती: रुग्ण झोपेत असल्यास चौकट रिकामी सोडावी. ती मी तिला दाखवली. तिने ती वाचली की नाही कोण जाणे. ती वरून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती, शाळेतल्या हजेरीसारखी, दुसऱ्याच कुणाचे तरी आकडे असावेत तशी. पाच, आठ, नऊ, सहा. पाच, सात, नऊ, सात. सहाव्या दिवसाशी आली. पाच. आठ. नऊ. चारवर तिने अंगठा ठेवला, क्षणभर थांबली, आणि पुढच्या ओळीवर गेली.

'सात,' ती म्हणाली.